नेपोलियनच्या फौजांनी नेमके काय पोचवले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फ्रेंच राज्यक्रांतीवर काहीही लिहायचे झाले की एक वाक्य हटकून येते: ‘क्रांतीच्या आणि नेपोलियनच्या युद्धांमुळे राष्ट्रवाद व उदारमतवाद युरोपभर पसरला.’ वाक्य खोटे नाही. पण ते घासून इतके गुळगुळीत झाले आहे की हे दोन्ही विचार एकाच गाडीत बसून आले आणि एकाच ठिकाणी उतरले, असा वाचणाऱ्याचा ग्रह होतो. प्रत्यक्षात दोघांच्या वाटा निराळ्या होत्या आणि १८१५ नंतर अनेक ठिकाणी ते एकमेकांच्या उरावर बसले. म्हणून हा पत्रप्रपंच.

सुरुवात १७९२ पासून करावी लागते, नेपोलियनपासून नव्हे. त्या वर्षी २० एप्रिलला फ्रान्सने ऑस्ट्रियाच्या राजाविरुद्ध युद्ध पुकारले. त्याआधीच, २ जानेवारीला, क्रांतिकारकांच्या जॅकोबिन क्लबात बोलताना त्यांचा पुढारी रोबेस्पिएर याने बजावले होते की सशस्त्र धर्मप्रचारक कोणालाच आवडत नसतात. ते कोणी मनावर घेतले नाही. २० सप्टेंबरला व्हाल्मीच्या टेकडीवर फ्रेंच सेनापती केलरमानच्या सैनिकांनी राजाच्या नव्हे तर राष्ट्राच्या नावाने जयघोष केला, नोव्हेंबरात बेल्जियमचा रस्ता मोकळा झाला आणि १९ नोव्हेंबरला कन्व्हेन्शनने, म्हणजे फ्रान्सच्या तेव्हाच्या संसदेने, जाहीर केले की स्वातंत्र्य मिळवू पाहणाऱ्या सर्व लोकांना फ्रान्स बंधुभाव आणि मदत देईल.

खरा महत्त्वाचा कागद मात्र त्यानंतरचा, १५ डिसेंबर १७९२ चा हुकूम. तो प्रत्येकाने एकदा कलमवार वाचावा असे मला वाटते, कारण पुढच्या वीस वर्षांचा सगळा गुंता त्यात आहे. जिंकलेल्या मुलखात शिरताच सेनापतीने लोक सार्वभौम असल्याचे जाहीर करायचे. चर्चचा दशमांश, सरंजामी देणी, भूदासपद आणि उमरावांचे खास हक्क तिथल्या तिथे रद्द करायचे. जुने अधिकारी हटवून लोकांच्या प्राथमिक सभा बोलवायच्या आणि त्यांच्याकडून तात्पुरते प्रशासन निवडून घ्यायचे. इथवर सगळे उदात्त. पुढे राजाची, त्याच्या साथीदारांची आणि धार्मिक संस्थांची मालमत्ता ताब्यात घेऊन तिची यादी करायची, सैन्याच्या रसदीसाठी पॅरिसहून आयुक्त येणार, आणि संरक्षणाचा खर्च नव्या प्रशासनाने उभा करायचा. फक्त तो गरीब कष्टकऱ्यांवर पडू नये, एवढी अट. जे लोक स्वातंत्र्य आणि समता नाकारतील त्यांना शत्रू मानले जाईल, हेही त्यातच लिहिलेले. म्हणजे मुक्तीची सनद आणि तिचे बिल एकाच कागदावर.

याचा पहिला प्रयोग ऱ्हाइनकाठच्या माइन्झ शहरात झाला. २१ ऑक्टोबर १७९२ ला जनरल कस्टीनने शहर घेतले आणि दोनच दिवसांत तिथे जॅकोबिन क्लब निघाला. कॅप्टन कुकबरोबर जगप्रदक्षिणा केलेला शास्त्रज्ञ गेऑर्ग फोर्स्टर त्याच्या पुढाऱ्यांपैकी एक. फेब्रुवारीत निवडणूक ठेवली, पण मत देण्याआधी स्वातंत्र्य व समतेची शपथ सक्तीची. गिल्डमधल्या (व्यवसायसंघांतल्या) कारागिरांना जुनी घटना हवी होती, अनेकांना फ्रेंच उद्या निघून जातील ही धास्ती होती. बहुतेक जण घरीच बसले. १८ मार्चला प्रजासत्ताक जाहीर झाले, त्याच महिन्यात त्याने फ्रान्समध्ये विलीन होण्याची मागणी केली आणि २३ जुलैला प्रशियाच्या फौजांनी शहर परत घेतले. शपथ नसती तर निकाल बदलला असता असे मी म्हणणार नाही. पण स्वातंत्र्य सक्तीने देता येते का, या प्रश्नाचे उत्तर माइन्झने पहिल्याच वर्षी दिले होते.

पुढे बिघडले ते मुख्यतः पैशामुळे. फ्रान्सचा खजिना रिकामा होता आणि आसिन्या या कागदी चलनाची किंमत घसरत चालली होती. सैन्याने जिंकलेल्या मुलखावरच जगावे, हे धोरण त्यातून आले. १७९४ नंतर बेल्जियममध्ये धान्य, घोडे, कापड उचलून बदल्यात हेच कागद सक्तीने हातात ठेवले जात. डच प्रजासत्ताक तर ‘मित्र’ होते. तरीही १६ मे १७९५ च्या हेगच्या तहाने त्याच्यावर १० कोटी गिल्डरची भरपाई आणि २५,००० फ्रेंच सैनिकांच्या पोटापाण्याचा भार पडला. १७९६ मध्ये बोनापार्टने पोपशी बोलोन्याचा युद्धविराम केला, त्यात २ कोटी १० लाख लिव्र, १०० कलाकृती आणि ५०० हस्तलिखिते लिहून घेतली. मिलानवर वेगळी खंडणी बसली. पाव्हियात लोक उठले तेव्हा ते शहर लुटीसाठी सैनिकांना मोकळे करून दिले. पुढच्या वर्षी कांपो फोर्मिओच्या तहात व्हेनिस ऑस्ट्रियाला देऊन टाकले. इटलीतल्या देशभक्तांचा भ्रमनिरास सुरू झाला तो तिथे.

दुसरे दुखणे सैन्यभरतीचे. ५ सप्टेंबर १७९८ च्या जूर्दां कायद्याने २० ते २५ वयाच्या पुरुषांचे वर्षवार पाच वर्ग पाडून नोंदणी सक्तीची केली. बेल्जियम १७९५ पासून फ्रान्सचाच भाग होता, त्यामुळे कायदा तिथे आपोआप लागू झाला आणि ऑक्टोबरात फ्लँडर्स-ब्राबांटचे शेतकरी उठले. त्यांनी पहिला हात घातला तो भरतीच्या याद्यांना, नोंदणीच्या दप्तरांना आणि चौकातल्या ‘स्वातंत्र्यवृक्षां’ना. दोनेक महिन्यांत उठाव चिरडला गेला. पण ज्याचे नाव कालपर्यंत फक्त चर्चच्या वहीत होते, त्याला सरकार नावाची गोष्ट प्रथम भेटली ती मुलाचे नाव मागायला आलेल्या कारकुनाच्या रूपाने, हे विसरून चालत नाही.

मग उदारमतवादी विचार रुजले ते कशाने? भाषणांनी फारच थोडे. १७९९ मध्ये नेपल्समध्ये जे प्रजासत्ताक जेमतेम पाच महिने टिकले, त्याचे पुढारी विद्वान होते; एलिओनोरा फोन्सेका पिमेंतेल त्याचे वृत्तपत्र चालवत होती. कार्डिनल रुफ्फोने कलाब्रियातून शेतकऱ्यांची धर्मसेना आणली आणि प्रजासत्ताक कोसळले. पिमेंतेलला २० ऑगस्टला फाशी झाली. त्यातून वाचलेल्या व्हिंचेन्झो कुओकोने नंतर लिहिले की ही क्रांती बाहेरून आलेली होती, पुढारी आणि जनता ही जणू दोन वेगळी राष्ट्रे होती. सरंजामी देणी रद्द करण्याचा कायदा चर्चेत अडकून महिनोन् महिने रखडला होता, हे लक्षात घेतले की शेतकऱ्यांनी कार्डिनलला साथ का दिली याचे कोडे उरत नाही.

रुजवण्याचे काम केले ते कचेऱ्यांनी. २१ मार्च १८०४ ला फ्रान्सची दिवाणी संहिता जाहीर झाली. २,२८१ कलमे, एका पुस्तकात मावणारी. कायद्यापुढे समान दर्जा, मालमत्तेचा स्पष्ट हक्क, जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंद, सर्व मुलांत वारसा. बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी असे सांगणारे २१३ वे कलमही त्यातच, तेव्हा ‘उदार’ म्हणताना जरा बेताने. संहितेबरोबर माणसे येत: प्रीफेक्ट (जिल्ह्याचे प्रमुख अधिकारी), नोटरी, शांतता-न्यायाधीश, जमिनीची मोजणी करणारे. फ्रान्सचे जिल्हे १७९० मध्ये ८३ होते, ते १८११ मध्ये १३० झाले; रोम, हॅम्बुर्ग, ॲमस्टरडॅम हीसुद्धा तेव्हा फ्रेंच जिल्ह्यांची ठाणी होती.

मात्र हीच संहिता सगळीकडे सारखी लागली नाही. वेस्टफालियाचे उदाहरण घ्या. नेपोलियनने १८०७ मध्ये धाकट्या भावासाठी, जेरोमसाठी, हे राज्य जर्मनीत तयार केले आणि १५ नोव्हेंबरला त्याला पत्र लिहिले: शहाण्या व उदार कारभाराची चव घेतलेली प्रजा पुन्हा प्रशियाच्या मनमानीखाली कशाला जाईल? त्याच तारखेच्या राज्यघटनेत संहिता १ जानेवारी १८०८ पासून लागू होईल असे कलम होते. तिच्याच सुरुवातीच्या कलमांत जुन्या राजांच्या खासगी जमिनींपैकी निम्म्या सम्राटाने आपल्यासाठी राखल्या, आणि राज्याने २५,००० सैन्य द्यायचे ठरले: २०,००० पायदळ, ३,५०० घोडदळ, १,५०० तोफखाना. राखलेल्या जमिनी नेपोलियनने आपल्या सेनापतींना इनाम दिल्या. त्या इनामांचे उत्पन्न म्हणजे शेतकऱ्यांकडून येणारी सरंजामी देणीच. ती संपवावीत तर मार्शलांचे उत्पन्न बुडते, ठेवावीत तर संहितेचा अर्थ उरत नाही. जेरोमचे मंत्री या पेचातून शेवटपर्यंत सुटले नाहीत, आणि राज्य कर्जात बुडाले.

नेपोलियनने पोलंडमध्ये उभ्या केलेल्या वॉर्सा डचीची गत वेगळी. १८०७ च्या घटनेने तिथले दास्य रद्द केले. डिसेंबरच्या हुकुमाने शेतकऱ्याला गाव सोडण्याची मुभा दिली, पण जमीन जमीनदाराची ठरली. पोलंडमध्ये त्यावर म्हण पडली की शेतकऱ्याच्या पायातल्या बेड्या काढल्या, त्या बुटांसकट.

आता राष्ट्रवाद. तोही दोन दारांनी आला आणि पहिले दार नेपोलियनच्याच छावणीचे होते. उत्तर इटलीतल्या रेज्जो एमिलिया या लहानशा शहराचे १७९७ साल पाहा. ७ जानेवारीला तिथे सिस्पादान प्रजासत्ताकाने हिरवा-पांढरा-लाल झेंडा स्वीकारला. आजच्या इटलीचे रंग तेच. त्याच शहरात जुलैमध्ये युझेफ विबित्स्कीने डोंब्रोव्स्कीच्या पोलिश सैन्यदलासाठी गाणे लिहिले. ते आज पोलंडचे राष्ट्रगीत आहे आणि त्यात बोनापार्टचे नाव अजूनही आहे. ऑस्ट्रियाच्या सैन्यातून कैद झालेले पोलिश सैनिक या दलात भरती होत. त्यांच्या खांद्यांवरच्या पट्ट्यांवर ‘स्वतंत्र माणसे भाऊ असतात’ असे इटालियन भाषेत लिहिलेले असे. यातल्याच पाच हजारांहून अधिक लोकांना १८०२-०३ मध्ये कॅरिबियनमधल्या सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत (आजच्या हैतीत) माजी गुलामांचा लढा मोडायला धाडले गेले. बहुतेक पिवळ्या तापाने मेले. काही तिकडच्यांना जाऊन मिळाले.

नेपोलियनने उत्तर इटलीत स्थापलेल्या ‘इटलीच्या राज्या’ची फौज हीदेखील अशीच शाळा होती. व्हेनिसचा, मिलानचा आणि बोलोन्याचा तरुण एका गणवेशात, एका झेंड्याखाली प्रथमच एकत्र आला. या राज्यातून सुमारे २७,००० सैनिक १८१२ मध्ये रशियाला गेले; परतले जेमतेम हजारभर. त्या जिवंत राहिलेल्या अधिकाऱ्यांतले अनेक पुढे गुप्त संघटनांत आणि १८२०-२१ च्या उठावांत दिसतात.

दुसरे दार विरोधाचे. इथे एक सावधगिरी हवी: फ्रेंचांविरुद्ध जो जो उठला तो राष्ट्रवादी, असे धरून चालू नये. १८०९ मध्ये टिरोलमध्ये आंद्रेआस होफरच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले ते नेपोलियनच्या दोस्त बव्हेरियाविरुद्ध, म्हणजे जर्मन भाषकच जर्मन भाषकांविरुद्ध. कारणे? सैन्यभरती, नवे कर, चर्चच्या विधींत ढवळाढवळ आणि देवीची लस टोचण्याची सक्ती. त्यांना सम्राट, धर्म आणि टिरोलचे जुने हक्क हवे होते. त्यांत जर्मन राष्ट्र शोधणे हा नंतरच्या पिढीचा उद्योग.

स्पेनमध्ये तर एकच सुधारणा दोनदा झाली, दोन शत्रुपक्षांकडून. ४ डिसेंबर १८०८ ला माद्रिदजवळच्या चामार्तीनहून नेपोलियनने हुकूम काढून इन्क्विझिशन (चर्चचे धर्मन्यायालय) आणि सरंजामी हक्क रद्द केले, मठांची संख्या एकतृतीयांशावर आणली. लोकांनी ते झिडकारले, कारण हुकूम परक्याचा. पण त्याच्याशी लढणाऱ्या काडिझच्या कोर्तेसने (स्पेनच्या संसदेने) ६ ऑगस्ट १८११ ला सरंजामी न्यायाधिकार काढून टाकले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये इन्क्विझिशनही. १९ मार्च १८१२ ला जाहीर झालेल्या त्यांच्या ३८४ कलमी घटनेने सार्वभौमत्व राष्ट्राकडे दिले, राजकीय लेखनाला पूर्वपरवानगीतून मुक्त केले आणि बाराव्या कलमात कॅथलिक पंथाशिवाय दुसरा धर्म पाळायला बंदीही घातली. गावोगावचे गनिमी सैनिक या घटनेसाठी लढत नव्हते. १८१४ च्या मे महिन्यात फर्डिनांड सातव्याने परतताच ती रद्द केली तेव्हा लोकांनी जल्लोष केला. राष्ट्रासाठी उठलेले आणि स्वातंत्र्यासाठी लिहिणारे एकाच बाजूला होते, एवढ्यावरून ते एकाच मताचे होते असे होत नाही.

प्रशियाचे काम अधिक थंड डोक्याचे. येनाचा पराभव १४ ऑक्टोबर १८०६ चा. तिल्झितच्या तहात जवळपास निम्मे राज्य गेले, १८०८ च्या करारात सैन्य ४२,००० वर बांधले गेले आणि १४ कोटी फ्रँकची देणी डोक्यावर आली. फ्रान्सशी लढायचे तर फ्रान्सकडून शिकले पाहिजे, हे प्रशियाचे मंत्री स्टाइन आणि हार्डेनबर्ग यांनी ओळखले. ९ ऑक्टोबर १८०७ च्या हुकुमाने भूदासपद नोव्हेंबर १८१० पासून संपेल असे ठरले. १८११ मध्ये त्याची किंमत लागली: वंशपरंपरागत कसणाऱ्याने मालकी हवी तर एकतृतीयांश जमीन जमीनदाराला सोडायची, तसा हक्क नसलेल्याने निम्मी. युंकर जमीनदार तोट्यात गेले नाहीत, हे सांगायला नको. त्याआधी १८०७-०८ च्या हिवाळ्यात, फ्रेंच फौज बर्लिनमध्ये असताना, तत्त्वज्ञ फिश्टेने जर्मन राष्ट्राला उद्देशून व्याख्याने दिली. १७९३ मध्ये याच गृहस्थाने फ्रेंच क्रांतीची बाजू लेखणीने लढवली होती. आणि १७ मार्च १८१३ ला राजाने ‘माझ्या लोकांना’ म्हणून जे आवाहन काढले, त्यात त्याने ब्रांडेनबुर्ग, प्रशिया, सायलेशिया, पोमेरानिया आणि लिथुआनियाच्या लोकांना प्रांतवार हाक घातली आहे. राष्ट्र अजून घडत होते. राजाला जुनेच पत्ते माहीत होते. मे १८१५ मध्ये दिलेले राज्यघटनेचे वचन त्याने पाळले नाही.

१८१७ साली दोन्ही विचारांची टक्कर उघड झाली. त्या वर्षी १८ ऑक्टोबरला लाइपझिगच्या विजयाचा वाढदिवस म्हणून जर्मन विद्यार्थी वार्टबुर्गच्या किल्ल्यावर जमले. रात्री काहींनी रद्दीच्या गठ्ठ्यांवर नावे लिहून ‘जर्मनविरोधी’ पुस्तकांची होळी केली. त्यांत प्रतिगाम्यांची पुस्तके होती आणि नेपोलियनची संहिताही होती. तिथून पश्चिमेला, ऱ्हाइनकाठच्या कोलोनमधले वकील आणि व्यापारी याच सुमारास प्रशियाच्या सरकारशी भांडत होते ते ही संहिता, ज्युरी आणि उघड्या न्यायालयातली तोंडी सुनावणी टिकवण्यासाठी. तेही जर्मनच. सरकारी आयोगाने १८१८ मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला आणि ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर ही संहिता १९०० साली जर्मनीची स्वतःची दिवाणी संहिता येईपर्यंत चालू राहिली.

मग हॅम्बुर्गने तीच संहिता १८१४ मध्ये का टाकून दिली? तिथे फ्रेंच अंमल थेट विलीनीकरणानंतर तीनच वर्षे होता, आणि त्या तीन वर्षांत ब्रिटिश मालावरच्या बंदीने बंदर ओस पडले होते. १८१३ च्या हिवाळ्यात वेढ्याच्या तयारीत फ्रेंच मार्शल दावूने धान्यसाठा नसलेल्या हजारो गरिबांना शहराबाहेर काढले. फ्रेंच जाताच जुनी घटना परत आली आणि ज्यूंना मिळालेले समान हक्कही काढून घेतले गेले. कोलोनकडे वीस वर्षे होती. शिवाय १८०३ पासून लिलावात निघालेल्या चर्चच्या जमिनी तिथल्या मध्यमवर्गाने विकत घेतल्या होत्या. संहिता गेली तर त्या खरेदीखतांचे काय, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने तात्त्विक नव्हता.

दक्षिण जर्मनीत तर राजांनाच घटना हवी होती. नेपोलियनच्या कृपेने बाडेनचा विस्तार कित्येक पटींनी झाला. वेगवेगळ्या कायद्यांचे, पंथांचे आणि कर्जांचे तुकडे एका राज्यात शिवायचे होते. बव्हेरिया आणि बाडेनने १८१८ मध्ये, व्यूर्टेम्बर्गने १८१९ मध्ये राज्यघटना दिल्या. कर्ज फेडायला कर हवेत, कर बसवायला प्रतिनिधींची संमती सोयीची. आणि रद्द झालेली काडिझची घटना मेली नाहीच. १ जानेवारी १८२० ला रिएगो या अधिकाऱ्याने अमेरिकेत पाठवायच्या स्पॅनिश फौजेत बंड केले आणि राजाला ती पुन्हा मान्य करावी लागली. जुलैमध्ये नेपल्सच्या अधिकाऱ्यांनी तीच घटना मागितली, मार्च १८२१ मध्ये पिएमाँटच्या. बंड करणाऱ्यांत नेपोलियनच्या हाताखाली लढलेले अधिकारी मोठ्या संख्येने होते, आणि ते मागत होते ती घटना नेपोलियनविरुद्ध लढणाऱ्यांनी लिहिलेली.

आपल्या दैनिकाला आणि पाठ्यपुस्तके काढणाऱ्यांना एकच सुचवणे आहे. १८१२ च्या युरोपचा नकाशा छापताना अर्धा खंड एकाच रंगात रंगवू नये. फ्रान्सने थेट जोडून घेतलेला मुलूख, नातेवाइकांना दिलेली राज्ये आणि नुसते दोस्त असे तीन रंग द्यावेत, आणि प्रत्येक प्रदेशात फ्रेंच अंमल किती वर्षे होता तो आकडा आत छापावा. बेल्जियमवर १९, हॅम्बुर्गवर ३, वेस्टफालियावर ६. जागा फारशी लागत नाही.

आपला,
युरोपीय इतिहासाचा एक अभ्यासक